चावरं मांजर मागे ठेवून गावाला जाताना

गणपतीला पाच दिवस कोकणात जायचं होतं. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये भुरी एकटी राहणार होती. शेजारच्या काकूंच्या हातात किल्ली देताना मी म्हणाले, "काही करत नाही हो ती. नुसतं खायला घाला." दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. भुरी दिसेना म्हणून त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पलंगाखाली हात घालून तिला बाहेर काढायचा प्रयत्न केला होता. अंगठ्याच्या बुडाशी बारीक दोन भोकं पडली, रक्त जेमतेम थेंबभर आलं. सकाळची गोष्ट ती. संध्याकाळपर्यंत हात सुजून अंगठा वळेना झाला.

भुरी चावते हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्षभरात ती मला दोनदा आणि तिच्या डॉक्टरांना एकदा चावली होती. पण खरं सांगितलं तर कुणी हो म्हणणार नाही, या भीतीने मी ते लपवलं. त्या मुलीला जी इंजेक्शनं घ्यावी लागली, ती माझ्या त्या एका वाक्यामुळे. चावऱ्या मांजरांबद्दलचे जे समज मी स्वतः बाळगून होते, ते तेव्हापासून एकेक करून तपासत आले आहे.

"जातच तशी, डूख धरणारी"

मांजर आपमतलबी, मांजर डूख धरतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात बहुतेक मांजरांच्या हल्ल्यामागे भीती असते. मांजर हा छोटा शिकारी आहे, पण मोठ्या प्राण्यांसाठी तोच शिकारही आहे. म्हणून धोका वाटला की ते आधी लपतं, मग जागच्या जागी थिजतं, मग फिस्कारतं आणि अगदी शेवटी दात लावतं. फिस्कारणं म्हणजे "लांब राहा" अशी विनवणी असते. ती आपण ऐकली नाही की मग पंजा येतो.

ही भाषा डोळ्यांनी वाचता येते. कान मागे चपटे होतात, बाहुल्या पसरून डोळे काळेभोर दिसतात, शेपूट जमिनीवर डावी-उजवी आपटायला लागते, पाठीवरची कातडी थरथरते. कुरवाळून घेणारं मांजर एकाएकी चावलं असं आपण म्हणतो, पण त्याआधी शेपटीचं टोक हलत असतं आणि आपलं लक्ष टीव्हीकडे असतं. आणखी एक प्रकार आहे, तो घर सांभाळायला येणाऱ्याला माहीत असायलाच हवा. खिडकीतून परका बोका दिसला की मांजर खवळतं, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही आणि तो राग जवळच्या माणसाच्या पोटरीवर निघतो. अशा वेळी त्याला शांत करायला जवळ जायचं नाही. खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि त्याला एकटं सोडायचं. निवळायला कधी काही तास लागतात, कधी अख्खा दिवस.

आजवर शांत असलेलं मांजर अचानक चावायला लागलं, तर आधी दुखणं शोधावं. किडलेला दात, आखडलेले सांधे, म्हातारपणात वाढलेलं थायरॉइड, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. प्रवासाच्या महिनाभर आधी पशुवैद्यांकडे तपासणी झालेली बरी. दुखणारं मांजर परक्याच्या हवाली करणं दोघांवरही अन्याय आहे.

"मांजरवेडा माणूस मिळाला की काम झालं"

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. मांजरांवर जीव असणारा माणूस दार उघडल्याउघडल्या "कुठंय माझं बाळ" म्हणत शोधायला लागतो, वाकतो, डोळ्यांत बघतो, हात पुढे करतो. घाबरलेल्या मांजराला यातली प्रत्येक गोष्ट धमकीसारखी वाटते. त्याला हवा असतो दुर्लक्ष करणारा माणूस. काकूंच्या मुलीला मांजरं फार आवडतात, आणि म्हणूनच तिने पलंगाखाली हात घातला.

सांभाळणं म्हणजे हात लावणं नव्हे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं. दोन माणसं विचारायला असतील तर मी मांजरांबद्दल फारसं प्रेम नसलेला, पण सांगितलं तेवढंच करणारा माणूस निवडेन.

काम असं चालतं. किल्ली लावायच्या आधी दारावर हलकेच टकटक करायची, म्हणजे मांजराला लपायला वेळ मिळतो. पायात बूट, अंगात जाड फुल पँट. आत गेल्यावर हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचं, पण मांजराकडे टक लावून बघायचं नाही. मांजर आणि त्याची लपायची जागा यांच्या मधे कधी उभं राहायचं नाही. वाट अडली की मांजर अंगावर येतं. पलंगाखाली, कपाटामागे, सोफ्याच्या फटीत हात घालायचा नाही. ते तिथे आहे आणि त्याचे डोळे लुकलुकताहेत, एवढं टॉर्चने लांबून दिसलं तरी पुरे. अंगावर आलंच तर लाथ मारायची नाही, पळायचं नाही. हातातला जाड पुठ्ठा किंवा मोठी उशी मधे धरून हळूहळू मागे सरकायचं.

फारच आक्रमक मांजर असेल तर दोन खोल्यांची युक्ती करावी. बेडरूममध्ये खाऊची वाटी सरकवायची, मांजर आत गेलं की दार लावायचं आणि मग हॉलमधला लिटर ट्रे, पाणी, भांडी निवांत आटपायची. जाताना दार उघडायचं. ही सवय मालकाने आधी दोन आठवडे, रोज त्याच वेळी, वाटी वाजवून लावायला हवी. वाटीचा आवाज ऐकून मांजर आपणहून आत जायला लागलं की परक्या माणसाचं निम्मं काम झालं. त्या माणसानेही मालक घरी असताना दोन-तीनदा यावं, जमिनीवर बसून मोबाइल बघावा, खाऊ लांबून टाकावा आणि निघून जावं.

डोळ्यांची एक गोष्ट मात्र उपयोगी पडते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की अनोळखी माणसाने मांजराकडे बघून डोळे सावकाश अर्धवट मिटले-उघडले तर ते त्याच्या जवळ यायला जास्त तयार होतं. पण हे मांजर निवांत असतानाच करावं. फिस्कारत असेल तर नुसती मान वळवायची.

"पाच दिवसांचं खाणं ठेवलं की मांजराला कोण लागतं?"

रोज एकदा तरी माणूस लागतोच, जमलं तर दोनदा. कारण खाण्याहून मोठं आहे. मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं, तर शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त. घाबरलेलं मांजर बरोबर हेच करतं, जेवण सोडतं. म्हणून चोवीस तासांत वाटीला तोंड लावलेलं नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा, मालक परत येईपर्यंत थांबायचं नाही.

बोक्यांचं आणखी वेगळं. त्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि ताणाच्या दिवसांत तो तुंबू शकतो. बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन बसतोय, कण्हतोय, पण वाळूत लघवीचा गोळा नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. दिवस-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. एका मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे होतात. ट्रे साफ करणाऱ्याने ते मोजून लिहून ठेवले, तर मांजराला हात न लावता त्याची निम्मी तब्येत कळते.

वेळेवर खाणं देणारं यंत्र किंवा कॅमेरा सोबतीला ठीक आहे, पण वीज गेली किंवा वायफाय बंद पडलं की दोन्ही बिनकामाचे ठरू शकतात. दुधाचं भांडं भरून ठेवू नये. मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही, आणि जुलाब झालेल्या चावऱ्या मांजराला पुसणार कोण?

"बाहेर सोडून जा, आपलं पोट आपण भरेल" असा सल्ला देणारेही भेटतात. घरात वाढलेल्या मांजराला सोसायटीच्या आवारात सोडणं म्हणजे त्याला कुत्र्यांच्या आणि गाड्यांच्या तोंडी देणं. शिवाय पाळीव प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत टाकून जाणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.

"मांजर घराचं, माणसाचं नाही"

या समजातून दोन उलट चुका होतात. पहिली म्हणजे, मालक गेला तरी त्याला काही वाटत नाही असं धरून चालणं. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटं मालकाविना ठेवलं आणि मालक परतल्यावर ती कशी वागतात ते पाहिलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साधारण ६४ टक्के पिल्लं मालकाच्या येण्याने सावरली आणि पुन्हा खोली हुंगायला लागली. म्हणजे माणसाचा आधार त्यांना कळतो. म्हणून आपला अंगात घातलेला, न धुतलेला टीशर्ट मांजराच्या झोपायच्या जागी ठेवून जावा.

दुसरी चूक म्हणजे, मावशीकडे नाहीतर बोर्डिंगमध्ये ठेवलं की झालं, असं वाटणं. मांजराला स्वतःची जागा लागते हे खरंच आहे. गाल घासून त्याने खुणावलेले कोपरे, दारं, टेबलाचे पाय, हा त्याचा सुरक्षित मुलूख. पिल्लांना सात घरं फिरवणाऱ्या मांजरीकडे बघून आपल्याला ते कुठेही रुळेल असं वाटतं, पण ती आई पिल्लांसाठी जागा स्वतः निवडत असते. भेदरलेल्या मांजराला कॅरियरमध्ये कोंबून, रिक्षातून नेऊन, शेजारी कुत्री भुंकत असलेल्या पिंजऱ्यात ठेवलं, तर चावरेपणा वाढण्याचीच शक्यता जास्त.

तरीही कधीकधी बोर्डिंगच बरोबर ठरतं. इन्सुलिनसारखं औषध रोज टोचायचं असेल, किंवा मालक सोडून कुणी दारातही पाऊल ठेवू शकत नसेल, तर पशुवैद्यकीय देखरेख असलेली जागा बघावी. तिथे विचारावं: मांजरांची खोली कुत्र्यांपासून वेगळी आहे का, सगळ्यांचं लसीकरण तपासता का, पिंजऱ्यात लपायला खोका देता का, आणि साफसफाई करताना मांजराला उचलता की आत हात न घालता काम भागवता?

गुंगीच्या गोळीबद्दल थोडक्यात. दवाखान्यात नेण्याआधी द्यायला पशुवैद्य गॅबापेन्टिनसारखं औषध लिहून देतात, ते त्या दिवसापुरतं असतं. पाच दिवस मांजर झोपवून ठेवायचा तो उपाय नाही. घरातली माणसांची गोळी तर कधीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

"बारीक भोकं आहेत, हळद लावा"

काकूंनी आधी हळदच लावली होती. मांजराचे सुळे सुईसारखे असतात. जखम वरून दिसते टाचणीएवढी, पण जंतू खोल, सांध्यापर्यंत आणि स्नायूबंधापर्यंत जातात. बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, आणि त्यांच्यामुळे येणारी सूज बऱ्याचदा दिवसभरातच चढते. हातावरचा चावा म्हणूनच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. मांजराला लस दिलेली असली तरीही.

आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही नको. घट्ट पट्टीही नको. मग रेबीजच्या लशीबद्दल विचारायचं, ती सरकारी रुग्णालयात मिळते. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी असते. स्नायूत देतात तेव्हा १४व्या दिवशीचा एक डोस जास्त असतो. चाव्यातून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण "दहा दिवस बघू आणि मग ठरवू" असं करायचं नसतं. लस लगेच सुरू होते.

आता मला कुठे जायचं झालं, तर फ्रिजवर एक कागद लावते. भुरी चावते, ही पहिली ओळ. आजवर कुणाला, कधी आणि काय करताना चावली, ते त्याखाली. ती कुठे लपते, तिला झाडूचा राग येतो, खिडकी उघडी ठेवली की बोका दिसतो. डॉक्टरांचा नंबर, लशींचं कार्ड, जवळचं माणसांचं रुग्णालय. हे वाचून एकाने नाही म्हटलं. दुसऱ्याने, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि परीक्षेचा अभ्यास करायला शांत जागा हवी असणाऱ्या मुलाने, हो म्हटलं.

परत आले तेव्हा भुरी माझ्याकडेही आली नाही. ती रुसली आहे असं पूर्वी मला वाटायचं. माझ्या अंगाला गावच्या घराचा, धुराचा, परक्या माणसांचा वास होता. बॅग उघडली नाही, तिला उचललं नाही, आंघोळ करून जमिनीवर बसले. ओट्यावर त्या मुलाची वही पडली होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "सकाळी ८. वाटी रिकामी. गोळे ३. कपाटावरून फिस्कारली. मी वर बघितलं नाही."