‘साखर नाही’ असं मीच लिहिलं होतं

सासूबाईंना मधुमेह होऊन बारा वर्षं झाली. गोडाची आवड भारी, पण पथ्य कडक. चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात जेवणानंतरची साखर एकदम 290 आली, तेव्हा डॉक्टरही चक्रावले. ‘आजी, चोरून काय खाता?’ सासूबाईंनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ‘हे एवढंच. पाच-सहा तुकडे रोज. पण यावर लिहिलंय ना, साखर नाही म्हणून! आमच्या सूनबाईंनीच लिहिलंय.’

मैत्रिणींनो, धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

ते पाकीट आमच्याच बचत गटाचं. जळगाव जिल्ह्यातलं आमचं गाव, केळी उदंड. भाव पडला की घडच्या घड वाया जातात. म्हणून आम्ही बाराजणी पिकलेली केळी वाळवून सुकेळी करू लागलो. वरून साखरेचा कणही घालत नाही, म्हणून मी मोठ्या कौतुकानं लेबलवर ‘साखर नाही’ असं लिहिलं. मी बी.ए. झालेली, तेव्हा लेबलचं काम माझ्याकडे. शास्त्र मात्र कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात पाकीट घेऊन जिल्ह्याच्या गावी एका प्रयोगशाळेत गेले. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, ‘काकू, कच्च्या केळ्याच्या 100 ग्रॅम गरात 20 ते 25 ग्रॅम पिष्ट असतं. केळं पिकतं तसं त्या पिष्टाची साखर होत जाते. पूर्ण पिकल्यावर पिष्ट उरतं जेमतेम एक-दोन ग्रॅम. आणि वाळवलं की पाणी उडतं, साखर कुठे उडते?’

इतकी साधी गोष्ट! किलोभर गर वाळवून 300 ग्रॅम सुकेळी उरतात हे आम्ही रोज तराजूवर बघतो. मग त्या किलोतली सगळी साखर त्या 300 ग्रॅममध्येच बसणार ना!

तपासणी कशी होते तेही तिनं दाखवलं. साखर कारखान्यात उसाच्या रसावर वापरतात तसा रिफ्रॅक्टोमीटर होता. थेंबभर रस ठेवून डोळा लावला की ब्रिक्सचा आकडा दिसतो. पण त्यात साखरेबरोबर रसात विरघळलेलं बाकीचंही मोजलं जातं. नेमकं हवं असेल तर एचपीएलसी नावाचं यंत्र. गाळलेला रस दाबानं एका बारीक नळीतून जातो. नळीत काही साखरा जास्त रेंगाळतात, काही कमी. त्यामुळे ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि आपली नेहमीची सुक्रोज वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर प्रत्येकीचा वेगळा सुळका उमटतो.

चोथा मोजायची तऱ्हा तर मला फारच आवडली. आपल्या पोटात असतात तसले पाचक रस घालून नमुना काचेच्या भांड्यातच ‘पचवतात’. जे पचत नाही तो चोथा. पेक्टिनसारखा विरघळणारा भाग मद्यार्क घातला की खाली बसतो. काही लहान साखळ्या मात्र मद्यार्कातही विरघळलेल्याच राहतात. त्या पूर्वी मोजणीतून निसटायच्या, आता यंत्रावर वेगळ्या मोजतात. यातल्या काही आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं ते खाद्य. अशा खाद्याला 1995 सालापासून ‘प्रीबायोटिक’ म्हणतात. पिकल्या केळ्यात ते थोडंसंच, कांदा-लसणात बरंच जास्त. कच्च्या केळ्यातलं पुष्कळसं पिष्टही न पचता त्या जिवाणूंपर्यंत पोचतं. पण भाजी शिजवली की त्यातलं बरंच पचण्याजोगं होतं, हेही तिनं बजावलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. 100 ग्रॅम सुकेळीत साखर 40 ग्रॅमच्या वर. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमाप्रमाणे ‘शुगर फ्री’ म्हणायला 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही!

गटाच्या बैठकीत मी अहवाल वाचला, तर सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, ‘ताई, हजार लेबलं छापून पडलीत. त्या दोन शब्दांवरच तर माल खपतो.’ खोटं नव्हतं ते. मी पिशवीतून आयोडीनची बाटली काढली. कच्च्या केळ्याच्या चकतीवर थेंब टाकला, चकती काळीनिळी झाली. पिकल्या चकतीवर टाकला, तर रंग फारसा बदललाच नाही. ‘ते पिष्ट गेलं कुठे?’ मी विचारलं. मघाचीच ती पुटपुटली, ‘साखरेत. माझी आई पण खाते गं ही सुकेळी. तिलाही शुगर आहे.’ त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

हजार लेबलांवर आम्ही हातानं चिठ्ठ्या चिकटवल्या : ‘वरून साखर घातलेली नाही. फळाची स्वतःची साखर भरपूर आहे. मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारून खावे.’ एका दुकानदारानं अर्धा माल परत केला, तो महिना तोट्यात गेला. पण बाळंतिणीसाठी, शाळेच्या डब्यासाठी नेणाऱ्या बायका टिकून राहिल्या.

सासूबाईंची साखर आता पुष्कळ खाली आली आहे. डॉक्टरांनी सांगितलेली पेरूची फोड त्या सालीसकट, चावून खातात. परवा बाजारातून बिस्किटांचा पुडा आणला, तर चष्मा लावून बसल्या. म्हणाल्या, ‘मागच्या बाजूचं बारीक वाच आधी. पुढचं तुझ्यासारखंच कुणीतरी लिहिलेलं असेल.’