उघडून बघू या (भाग ९) : स्पंजच्या गोळ्यांची बंदूक

जाड स्प्रिंग टाकली की गोळी लांब जाते, असा शहाडच्या सोसायट्यांतल्या पोरांचा पक्का समज. म्हणून नर्फ, म्हणजे स्पंजच्या गोळ्यांची ही खेळण्यातली बंदूक, हातात आली की पहिला हल्ला स्प्रिंगवर होतो, आणि आठवड्याभरात बंदुकीचा खटकाच लागेनासा होतो. मुळात गोळी उडते ती हवेने. चाप ओढला की खटका सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला पुढे लोटते, दट्ट्यासमोरची हवा दाबली जाते आणि तीच स्पंजच्या गोळीला नळीबाहेर काढते. होळीची पिचकारीच ही. वायसर झिजला की पिचकारीचं पाणी आपल्याच हातावर येतं; इथेही गळती तशीच, पण हवा दिसत नाही म्हणून आळ स्प्रिंगवर जातो.

उघडण्याआधी गोळ्या आणि असतील तर सेल काढा, खटका चढवलेला नाही ना ते बघा. चढवलेली बंदूक उघडली तर स्प्रिंग थेट कपाळावर. डोळ्यांवर चष्मा हवाच. स्क्रू स्वस्त बंदुकीत मऊ असतात, त्यामुळे खाचेत घट्ट बसणारा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. पुठ्ठ्यावर बंदुकीचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर प्लॅस्टिक फाटतं. सगळे स्क्रू काढूनही कवच हलत नसेल तर नारिंगी तोंडापाशी बघा. तिथे बहुधा एखादी खाच अडकलेली असते किंवा गोंद असतो. दामटून उचकटू नका. वरचं कवच उचललं की काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. चापामागची इवलीशी स्प्रिंग पलंगाखाली गेली की कोणती कुठे होती, यावर घरात एकमत होत नाही.

आता दट्ट्या हातात घ्या. त्याच्या खाचेत काळी ओ-रिंग असते आणि तिच्याभोवतीच्या ग्रीसमध्ये केस, चादरीचे धागे, क्वचित मुंगीसुद्धा सापडते. पुसून घ्या. दट्ट्या परत नळकांड्यात घालून पुढचं भोक अंगठ्याने दाबा आणि दट्ट्या आत ढकला. तो उसळून मागे आला तर हवा कोंडते आहे. निमूट आत गेला तर गळती. ओ-रिंगखालच्या खाचेत प्लंबरची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा, वर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा. शिवणयंत्राचं तेल नको, त्याने काही रबर फुगतं. एवढ्यानेच गोळीचा पल्ला कळण्याइतका वाढतो.

पावसाळ्यात उल्हास नदीकाठच्या दमट हवेत स्प्रिंगला तांबेरा येतो. पुसून तिलाही ग्रीस लावा. बदलायचीच असेल तर किंचितच जाड घ्या, कारण सगळा ताण त्या खटक्याच्या प्लॅस्टिकच्या दातावर येतो. बऱ्याच बंदुकांत नळीमागे छोटी झडप असते. गोळी नसताना ती हवा अडवते आणि दट्ट्याला आपटू देत नाही. हौशी मंडळी ती आधी काढून टाकतात. माझ्या मते लहान मुलांच्या बंदुकीत ती राहू द्यावी.

पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवलं, तेव्हा घरातलं खेळणं उघडण्यात गैर काहीच नाही. फक्त हिशेब ध्यानात ठेवा : गोळी जेमतेम १ ग्रॅमची, पण वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तुम्ही बदललेल्या बंदुकीला त्या चिन्हामागची चाचणी लागू राहत नाही. नारिंगी तोंड काळं रंगवून ती लोकलच्या डब्यात तर नेऊच नका.

मोटारीच्या, फिरत्या चाकांच्या बंदुकीबद्दल पुढच्या आठवड्यात. तोवर तिच्यात पेन्सिल सेलच्या आकाराचे लिथियम सेल घालू नका. साधे चार सेल मिळून ६ व्होल्ट देतात, लिथियमचे चार भरलेले असताना जवळजवळ १७. मोटारीचे ब्रश जळतात, बारीक तारा तापून कवच मऊ होतं.