जोंगाला रेडिएटर कोणता?

जबलपूरच्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत, शेवाळी रंगाची एक रुंद, चौकोनी गाडी अजूनही कधीतरी दृष्टीस पडते. ती जोंगा. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून तयार झालेले हे नाव. निसान या जपानी कंपनीच्या ‘पेट्रोल’ नावाच्या गाडीचा आराखडा घेऊन ती जबलपुरात लष्करासाठी बनू लागली. १९६९ साली स्थापन झालेल्या व्हेईकल फॅक्टरीतून तिचे उत्पादन गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत होत राहिले. (हा कारखाना २०२१ पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे आहे.) सेवेतून निवृत्त झालेल्या जोंगा लिलावात विकल्या गेल्या आणि हौशी मंडळींच्या अंगणात येऊन विसावल्या. हौसेच्या पाठोपाठ आली ती एक नेहमीची चिंता: गाडी तापते. मूळचा रेडिएटर दुरुस्त करून घ्यावा, की नवा, मोठा, सुधारित रेडिएटर बसवावा?

प्रश्न वरवर पैशांचा वाटतो, पण पणाला लागलेले असते ते इंजिन. सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटर क्षमतेचे हे पेट्रोल इंजिन एकदा बेसुमार तापले आणि त्याचे हेड वाकले, की सुटे भाग शोधण्यातच महिने जातात. रेडिएटरचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो.

जबलपूरचा उन्हाळा या प्रश्नाला धार आणतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे त्यातील पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंश सेल्सिअसवर आहे असे धरले, तर जानेवारीच्या दुपारी, २५ अंशांच्या हवेत, हा फरक ६५ अंशांचा असतो. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की तोच फरक ४७ वर येतो. म्हणजे रेडिएटर तोच, चालक तोच, रस्ताही तोच; पण त्याची ताकद पाव हिश्शाहून अधिक घटलेली. हिवाळ्यात निमूटपणे चालणारी गाडी उन्हाळ्यात का रुसते, याचे उत्तर बहुधा या साध्या वजाबाकीत सापडते.

जोंगाचा मूळ रेडिएटर तांब्या-पितळेचा: पितळी नळ्या, तांब्याच्या पातळ पट्ट्या आणि डाख देऊन जोडलेल्या टाक्या. बाजारात आज ‘सुधारित’ म्हणून जो मिळतो तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. उष्णता वाहून नेण्यात तांबे ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी सरस, हे शाळेत शिकलेले सत्य येथे मात्र थोडे फसवते. ॲल्युमिनियम हलके व तुलनेने ताठ असल्याने त्याच्या नळ्या रुंद करता येतात. रुंद नळीचा पट्ट्यांशी अधिक स्पर्श होतो, आणि नळी व पट्टी यांच्यामध्ये डाखाचा थरही राहत नाही. त्यामुळे एकाच आकाराचे दोन नवे रेडिएटर समोरासमोर ठेवले, तर चांगला ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या बरोबरीने, कधी त्याहून सरस काम करतो. शिवाय वजनाला पुष्कळ हलका असतो.

तांब्याची बाजू मात्र दुरुस्तीच्या टेबलावर उजळते. जाणता रेडिएटर कारागीर टाकी उकलतो, नळ्यांतून पातळ पट्टी घालून क्षारांचा थर खरवडतो, गळक्या जागी डाख लावतो; जाळी अगदीच गेली असेल तर जुन्या टाक्या ठेवून नवी जाळी बसवून देतो. ॲल्युमिनियमला भेग पडली तर असा कारागीर गावोगावी मिळत नाही, आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतील तर सारा रेडिएटरच बदलावा लागतो. सिवनीच्या अलीकडे गाडी बंद पडली, तर या फरकाचे मोल कळते.

अधिक जाड जाळी म्हणजे अधिक गारवा, हा समजही तपासून घेण्याजोगा आहे. नळ्यांच्या पहिल्या दोन ओळींना ताजी हवा मिळते. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत पोहोचते ती आधीच तापलेली. त्यातच जाळीच्या पट्ट्या फार दाट असतील तर धूळ आणि किडे तिच्यात अडकून बसतात. मंद गतीने घाट चढताना तर रेडिएटरइतकाच पंखा महत्त्वाचा ठरतो. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कवच कोणीतरी अडचण म्हणून काढून टाकलेले असते, आणि दोष मात्र रेडिएटरच्या माथी येतो.

म्हणूनच खरेदीपूर्वी गाडी कुठे तापते याकडे लक्ष द्यावे. गर्दीत किंवा चढावर तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय पंखा, पट्टा व कवच यांवर घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर वेग धरताच काटा चढतो, तर जाळी तुंबलेली किंवा अपुरी असण्याचा संभव अधिक. आणि इंजिन सुरू होताच पाण्यात बुडबुडे येत असतील, किंवा गळती नसताना पाणी कमी होत असेल, तर बहुधा हेड गॅस्केट गेलेले असते. तेथे सोन्याचा रेडिएटर बसवूनही उपयोग नाही. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला जुन्या गॅरेजांतून सर्रास मिळतो. तो मानू नये.

मूळ इंजिन, मूळ वापर आणि रविवारची फेरी एवढेच असेल, तर स्वच्छ करून नव्या जाळीनिशी बसवलेला तांब्या-पितळेचा रेडिएटर पुरेसा आहे. लष्कराने तो मुळात कष्टाच्याच कामासाठी निवडला होता. पेट्रोलचा खर्च न परवडल्याने अनेकांनी जोंगात डिझेल इंजिन बसवले, काहींनी वातानुकूलन यंत्रही. तेव्हा गणित बदलते. वातानुकूलनाची जाळी रेडिएटरच्या पुढे बसते आणि त्याला तापलेली हवा पाठवते. अशा गाडीला सुधारित रेडिएटर ही चैन नव्हे. इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे झालेली आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

रेडिएटर कोणताही घ्या, त्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतू नये. क्षारांनी तांब्याच्या नळ्या तुंबतात, आणि ॲल्युमिनियम तर साध्या पाण्याने आतून कुरतडले जाते. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात, हाच मार्ग. जबलपुरात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हा युक्तिवाद अपुरा आहे. ते गंज रोखते आणि उत्कलनबिंदूही वाढवते. झाकण मात्र मूळ दाबाचेच हवे. जास्त दाबाचे झाकण पाणी उशिरा उकळू देते खरे, पण जुन्या डाखाचे सांधे तो दाब सोसतीलच असे नाही.

नागपूरशी सोयरीक असलेली मराठी कुटुंबे जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि लग्नसराई नेमकी मे महिन्यात येते. लखनादौन, सिवनी, मग कुरईचा घाट: निवडलेला रेडिएटर येथे पारखला जातो. काटा चढू लागला तर गाडी सावलीत थांबवावी आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये. उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर आलेल्या माणसाला लग्नाचे जेवण गोड लागत नाही.