भूक वाढली, म्हणजे पोरगी खादाड झाली का?



मागच्या बचतीच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरगी पोलीस भरतीची तयारी करतेय. सकाळी मैदानावरून आली की ताटाला शिवत नाही आणि रात्री चार भाकरी खाते. तिला काही झालंय का?" बायका हसल्या, पण प्रश्न बऱ्याच घरांतला आहे.

भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोची गोळाफेक असते. त्यामुळे धावण्याबरोबर जोर, बैठका, वजन उचलणं असा ताकदीचा व्यायाम सुरू होतो. नव्यानं व्यायाम करणाऱ्या मुलीची भूक मग आधी गोंधळते.

दमदार व्यायाम झाला की भुकेची जाणीव करून देणारं पोटातलं संप्रेरक थोडा वेळ कमी होतं. म्हणून लगेच जेवण नकोसं वाटतं. तास-दीड तासात भूक परत येते. पण आपल्याकडे बिबट्याच्या भीतीनं मुली उजाडल्यावरच मैदानावर जातात, घरी येऊन घाईनं कॉलेजची एसटी गाठतात. भूक लागते तेव्हा त्या एसटीत असतात. दिवसभराचा उपास मग रात्री चार भाकरींनी सुटतो.

यावर उपाय सोपा आहे. निघताना एक केळं किंवा गूळ-शेंगदाणे द्या. आल्यावर जेवण जात नसेल तर कपभर दूध द्या आणि भाकरी-उसळीचा डबा सोबत बांधा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं. स्नायूंची झीज भरून निघून ते बळकट व्हायला प्रथिनं लागतात. काहींची भूक वाढते, काहींची वाढत नाही, पण शरीराची गरज दोघींचीही वाढते. एरवीसुद्धा 50 किलो वजनाच्या बाईला रोज साधारण 42 ग्रॅम प्रथिनं लागतात, व्यायाम करणारीला त्याहून जास्त. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत 7 ग्रॅम, कपभर दुधात 6 ग्रॅम असतात. हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, आपली मासवडी यांतूनही प्रथिनं मिळतात. महागड्या पावडरीच्या डब्यावाचून काही अडत नाही.

सुरुवातीला वजनकाटा किलोभर वर सरकला तर घाबरू नका. स्नायू पाणी धरून ठेवतात, म्हणून तसं होतं. "जाड होशील" म्हणून मुलीचं खाणं तोडू नका.

मात्र व्यायाम करून सतत थकवा, चक्कर, धाप असेल किंवा पाळी चुकत असेल, तर आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 100 पैकी 54 बायकांना रक्तक्षय आढळला. जेवणाबरोबर चहा टाळा, त्यानं अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

आपल्या घरांत बाईमाणूस शेवटी जेवतं. पातेल्यात उरेल तेवढंच तिच्या ताटात येतं. भूक वाढलेल्या पोरीला हे सगळ्यात आधी जाणवतं, पण ती बोलत नाही. त्या ताईंना आम्ही एवढंच सांगितलं: आजपासून तिचं ताट भावाच्या ताटाबरोबर वाढा आणि तुमचंही त्याच पंगतीत घ्या.