ग्रीन कार्डाची रांग आणि राष्ट्राध्यक्षांची सही

निवडणूक आली की आपल्या मंडळींत हमखास प्रश्न निघतो, "नवीन राष्ट्राध्यक्ष ग्रीन कार्डाचं काही करतील का हो?" भारतात पंतप्रधान लोकसभेतल्या बहुमताच्या जोरावर पदावर असतात, त्यामुळे सरकारचं विधेयक सहसा मंजूर होतं. इथे मात्र राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचे सदस्यच नसतात. तिथे बहुमत विरोधकांचंही असू शकतं.

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाला त्यातली सुमारे ७ टक्के, ही मर्यादा १९९० च्या कायद्यातली. ती फक्त काँग्रेस बदलू शकते. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने देशनिहाय मर्यादा काढण्याचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सेनेटनेही केलं, पण मसुदा वेगळा! दोन्हींचा मेळ बसण्याआधीच जानेवारीत त्या काँग्रेसची मुदत संपली आणि मुसळ केरात गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या टेबलापर्यंत कागद पोचलाच नाही.

काही एच-४ धारकांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्याची गोष्ट उलटी. तो २०१५ मध्ये ओबामा सरकारने नुसता नियम करून दिला. म्हणूनच ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत तो काढून घेण्याची तयारी सुरू झाली, आणि २०२१ मध्ये बायडन सरकारने ती थांबवली. तोवर कितीतरी घरांचा जीव टांगणीला लागला होता.

तेव्हा दिवाळीच्या कार्यक्रमाला आपले काँग्रेस प्रतिनिधी आले, तर फोटो झाल्यावर त्या ७ टक्क्यांबद्दल जरूर विचारा.