श्वसनोपचारतज्ज्ञाच्या मुलाखतीपूर्वी

हुद्दा : प्राणवायू देणे, व्हेंटिलेटर चालविणे, श्वासनलिकेतील नळीची निगा राखणे आणि धमनीतील रक्ताचा वायु-अहवाल वाचणे ही कामे डॉक्टरांच्या निर्देशानुसार करणारा प्रशिक्षित व्यावसायिक, फिजिओथेरपिस्ट याहून निराळा. भारतात हा व्यवसाय २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत येतो.

वायु-अहवालातील मुखोद्गत हवेत असे सामान्य आकडे : सामू ७.३५ ते ७.४५, कर्बद्विप्राणिदाचा दाब ३५ ते ४५ मिमी पारा, बायकार्बोनेट २२ ते २६.

हमखास विचारला जाणारा हिशेब : उंची १७० सेंमी, वजन ९० किलो अशा पुरुषाची फुप्फुसे तीव्र श्वसनविकाराने (एआरडीएस) ग्रासली असता प्रत्येक श्वासास किती हवा द्यावी, या प्रश्नात काट्यावरचे वजन धरणारा उमेदवार फसतो, कारण फुप्फुसांचा आकार उंचीच्या प्रमाणात असतो, चरबीच्या नव्हे, म्हणून उंचीवरून काढलेले सुमारे ६६ किलो हे अपेक्षित वजन घेऊन, किलोमागे ६ मिलि या दराने, उत्तर सुमारे ४०० मिलि येते.

प्राणवायूचा सिलिंडर : काळे अंग, पांढरा खांदा. १,५०० लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटास १० लिटर या वेगाने अडीच तास पुरतो.

यंत्राची घंटा वाजून रुग्णाची प्राणवायू-पातळी घसरल्यास : प्रथम रुग्णाकडे पाहावे, मग पडद्याकडे. नळी सरकली, तुंबली, छातीत हवा साठली की यंत्रच बिघडले, हे तपासताना रुग्णास यंत्रापासून सोडवून अंबू बॅगने शुद्ध प्राणवायू द्यावा आणि मदतीस हाक मारावी.