धुरातली राख पकडणारी वीज

कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा प्रयोग आम्ही शिक्षक दरवर्षी मुलांकडून करून घेतो. कारखान्याच्या धुरातली राख वेगळी करणारे यंत्र याच ओढीवर चालते. त्याचे नाव इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, थोडक्यात ईएसपी. चंद्रपूर, कोराडी, एकलहरे अशा औष्णिक वीजकेंद्रांत धूर चिमणीत जाण्याआधी याच यंत्रातून जातो.

आत काय घडते? मोठ्या पेटीत लोखंडी पत्रे समांतर उभे असतात आणि त्यांच्या मधल्या वाटेत तारा. तारांना हजारो व्होल्टचा ऋण दाब दिला की भोवतालच्या वायूत आयन तयार होतात. ते राखेच्या कणांना चिकटतात आणि भारित झालेले कण पत्र्यांकडे ओढले जातात. ठराविक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोके देतात, राख खालच्या नरसाळ्यात पडते. तीच राख पुढे सिमेंट आणि विटांसाठी वापरता येते.

अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांना 1908 मध्ये याचे पेटंट मिळाले. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे सिमेंटची धूळ संत्र्यांच्या बागांवर बसत होती. तिथेही हे तंत्र कामी आले. कॉट्रेल यांनी पेटंटची कमाई घरी नेली नाही. 1912 मध्ये स्थापन झालेल्या रिसर्च कॉर्पोरेशनमार्फत ती विज्ञान-संशोधनाला दिली.

आता थोडे गणित. आपल्याकडच्या कोळशात बरेचदा 30 ते 45 टक्के राख असते. समजा, धुराबरोबर 28 टन राख निघाली. यंत्राने 99 टक्के पकडली तरी 280 किलो हवेत जाते, 99.9 टक्के पकडली तर फक्त 28 किलो. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा एक आकडा शेजारच्या वस्तीच्या श्वासाचा प्रश्न असतो.

आपल्या कोळशात गंधक कमी असल्याने राख वीज सहज वाहू देत नाही, म्हणून यंत्र मोठे लागते आणि देखभालही चोख लागते. शिवाय सल्फर डायऑक्साइडसारखे वायू त्यात अडकत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा हवी.

केंद्र सरकारच्या 2015 च्या नियमांनुसार 2017 पासूनच्या नव्या वीजकेंद्रांना प्रति घनमीटर 30 मिलिग्रॅम कणांची मर्यादा आहे. तेव्हा वाचकहो, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज राख बसत असेल, तर ते नशीब समजून झटकू नका. तारीख, वेळ लिहून ठेवा, फोटो काढा आणि चार शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार द्या.